एकसष्ट पापुद्रे

१

मंगळवार, सकाळी सात चाळीस. जीवाश्म विभागाच्या मागच्या जिन्याच्या तळाशी मिस्त्री मेलेले आढळले. झाडायला आलेल्या बाईंनी आधी हातातली बादली खाली ठेवली, मग पहारेकऱ्याला हाक मारली. डावी चप्पल पायात होती. उजवी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी पडली होती. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ आदल्या संध्याकाळी सहा ते आठ अशी सांगितली.

मिस्त्री त्रेसष्ट वर्षांचे होते आणि एकतीस वर्षे त्या इमारतीत दगड घासत होते. काम असे: पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचा एखादा प्रवाळ घ्यायचा. वसाहत करून राहणारा नव्हे, एकट्याने वाढणारा. बोटाएवढा, शिंगाच्या आकाराचा. एका बाजूला निमुळते टोक, दुसऱ्या बाजूला वाटीसारखे तोंड. काचेच्या जाड तुकड्यावर पाणी आणि खरखरीत पूड टाकून तो अर्धा मिलिमीटर घासायचा. उघडा पडलेला पृष्ठभाग आम्लाला किंचित खाऊ द्यायचा, त्यावर ॲसिटोन सोडून पारदर्शक फिल्म चिकटवायची आणि वाळल्यावर सोलून काढायची. दगडातली प्रत्येक रेघ फिल्मवर उतरते. त्या फिल्मला विभागात पापुद्रा म्हणत. मग पुन्हा अर्धा मिलिमीटर. शेवटी दगड उरत नाही, पापुद्र्यांची चळत उरते. त्या चळतीवरून प्रवाळ कोणत्या कुलातला, ते ठरते.

मिस्त्रींच्या बाकावर लाकडी पेटी होती. आत एक ते एकसष्ट आकडे घातलेली पाकिटे, प्रत्येकात एक पापुद्रा. पेटीवरच्या चिठ्ठीत एका साध्या नमुन्याचा क्रमांक होता. तो साधा नमुना मात्र शेजारच्या ट्रेमध्ये अख्खा, धक्का न लागलेला पडला होता.

घासला गेला होता दुसराच दगड. विभागाच्या लोखंडी कपाटात चाळीस वर्षे कुलपात असलेला मूळ नमुना. विभागप्रमुखांनी, म्हणजे ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत त्यांनी, तरुणपणी याच एका दगडावरून प्रवाळांचे एक नवे कुल मांडले होते. असा दुसरा दगड कुठेही नव्हता.

सरांनी साडेनऊला जबाब दिला. सोमवारी संध्याकाळी मिस्त्री त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आले, रडले, आणि म्हणाले की ट्रे बदलला गेला, मूळ नमुना माझ्या हातून संपला. सरांनी समजूत घातली आणि ते सहा वीसला घरी गेले. फाटकावरच्या वहीत तीच वेळ होती.

अकरा वाजता ठाण्यातल्या हवालदाराने नोंदीत शब्द लिहिला: आत्महत्या.

बाराला मिस्त्रींची मुलगी आली. शिवणकाम करणारी, गळ्यात अजून मोजपट्टी. तपास अधिकारी बाईंनी तिला पाणी दिले. तिने ते प्यायले नाही.

"सोमवारी सकाळी मी त्यांना बोलले," ती म्हणाली. "म्हटलं, कपड्यांतून ती धूळ घरात आणता, पोरीचा खोकला जात नाही. कामाच्या जागीच अंघोळ करून या, नाहीतर दुसरीकडे खोली बघा. बापाला बोलले मी असं. ते काही न बोलता डबा घेऊन गेले."

"मग?"

"मग काय. तुम्ही तो शब्द लिहिलाय म्हणे. मला एवढंच सांगा मॅडम, ते दगडापायी गेले की माझ्यापायी?"

२

अधिकारी बाईंनी पहिली बोलावली ती संशोधिका. चौतीस वर्षांची, विभागातली सगळ्यात धाकटी. शिपायापासून सगळे तिला ताई म्हणत. सर तिच्यामागे तिला कुऱ्हाड म्हणत, कारण दोन वर्षांत तिने इतरांनी ठरवलेल्या तीन जाती रद्द करून दाखवल्या होत्या.

"मला सोप्या भाषेत सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या. "शाळेत विज्ञानात मला पस्तीस गुण होते. तेही ढकलगाडी."

ताईने कागदावर शिंग काढले.

"हे टोक म्हणजे त्याचं बाळपण. प्रवाळ वर वर वाढत जातो, त्यामुळे तोंड म्हणजे म्हातारपण. सरांचं कुल एकाच गोष्टीवर उभं आहे. यांच्या मधोमध एक खांब असतो, आणि तो जन्मापासून असतो असं सरांनी लिहिलंय. इतर कुलांतही खांब असतो, पण तो मोठेपणी येतो."

"सरांनी जन्मापासूनचा खांब पाहिला?"

"नाही ना. त्यांनी तोंडाकडचा पृष्ठभाग पाहिला आणि बाकीचं मानून घेतलं. टोक घासून पाहिल्याशिवाय कळणार नाही. खांब टोकात नसेल, तर ते कुलच नाही. नेहमीचाच प्रवाळ, म्हातारपणी जरा जाडजूड झालेला."

"आणि तुम्ही परवानगी मागितली."

"तीनदा. सर म्हणाले, एकुलता एक नमुना घासू देणार नाही. त्यांचा मोठा ग्रंथ छापायला चाललाय, त्यात ते कुल पहिल्या प्रकरणात आहे." तिने पेन खाली ठेवले. "मला ठाऊक आहे तुम्ही काय विचार करताय. तो दगड घासला जावा असं सगळ्यात जास्त मलाच वाटत होतं."

"सोमवारी तुम्ही किती वाजता गेलात?"

"सहा पस्तीस. तोवर दुसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीत होते. पंखा जुना आहे, बाहेरचं काही ऐकू येत नाही."

"मिस्त्री असे चुकायचे?"

"मिस्त्री?" ताई पहिल्यांदा हसली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "मूळ नमुन्यांवर लाल ठिपका असतो. या दगडाचा ठिपका पुसट झाला होता, तर गेल्या वर्षी मिस्त्रींनीच तो नव्याने लावला. माझ्यासमोर. ते प्रवाळांना पोरं म्हणायचे. हे पोर अशक्त आहे, हे पोर वाकडं वाढलंय. पोर बदललं आणि यांना एकसष्टाव्या पापुद्र्यापर्यंत कळलं नाही?"

"मग एकसष्ट पापुद्रे बघितलेत तुम्ही? टोकात खांब आहे की नाही?"

"तेच तर. बावन्न स्वच्छ आहेत, त्या सगळ्यांत खांब आहे. टोकाकडचे नऊ ॲसिटोनने विरघळून गेलेत. नुसता धूसर डाग. नेमके तेच नऊ."

३

संग्रहपालांना विभागात 'किल्ली' म्हणत. पन्नाशीचे, घामट, खिशात जुडगा. लोखंडी कपाटाची एक चावी त्यांच्याकडे, दुसरी सरांकडे. सरांची तीन वर्षांपूर्वी हरवली आणि पुन्हा करून घेतली नाही.

"चूक माझीच, मॅडम," ते बसायच्या आधीच म्हणाले. "शुक्रवारी मीच मिस्त्रींना ट्रे दिला. दोन ट्रे एकासारखे एक. घाईत मूळ नमुना गेला."

"शुक्रवारी दिला?"

"शुक्रवारी."

"आणि सोमवारी संध्याकाळी एकसष्ट पापुद्रे तयार."

किल्लीने रुमाल काढला.

"एका पापुद्र्याला किती वेळ लागतो?"

"ते… घासणं, आम्ल, वाळवणं. चाळीस मिनिटं धरा."

"एकसष्ट गुणिले चाळीस म्हणजे चाळीस तासांच्या वर. शनिवारी विभाग अर्धा दिवस, रविवारी बंद. शुक्रवारी तुम्ही ट्रे किती वाजता दिलात?"

"दुपारी."

"मिस्त्री माणूस होते की गिरणी?"

किल्लीने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मॅडम, माझ्या घरी चार तोंडं आहेत. माणूस गेला तो गेला. आता ट्रे कोणी दिला यानं त्याला काय फरक पडतो?"

"त्याच्या मुलीला पडतो."

ते उठले. जाताना दारात अडखळले आणि जुडगा खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही. अधिकारी बाईंनीच उचलून हातात दिला, तेव्हा लोखंडी कपाटाची चावी त्यात नव्हती.

४

सर अडुसष्ट वर्षांचे. निवृत्तीनंतरही विभागाने त्यांना ठेवून घेतले होते, कारण त्यांच्याशिवाय विभाग म्हणजे नुसती कपाटे, असे वरचे लोक म्हणत. टेबलावर ग्रंथाची कच्ची छपाई. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशी वाजली.

"दहा वर्षं झाली," ते कपाकडे पाहत म्हणाले. "सही करतानाही कागद धरायला कोणीतरी लागतं."

"मिस्त्रींबद्दल सांगा."

"गुणी माणूस. शिक्षण नव्हतं, पण हात असा की माझ्या अर्ध्या संशोधनावर त्याचं नाव हवं."

"आहे?"

"काय?"

"नाव."

"ऋणनिर्देशात होतं." सरांनी कच्च्या छपाईची पाने सारखी केली. "आता ठेवावं की नाही, हा प्रश्न आहे. ज्यानं मूळ नमुना नष्ट केला त्याचे आभार कसे मानायचे? लोक हसतील."

"तुमचं जास्त नुकसान झालं."

"नुकसान? उलट म्हणा. त्यानं घासला आणि बावन्न पापुद्र्यांत खांब निघाला. माझं कुल पक्कं झालं. त्या पोरीला आता बोलायला जागा नाही." त्यांनी कच्च्या छपाईवर हात ठेवला. "अर्थात एका माणसाच्या जिवाच्या बदल्यात असं पक्कं होणं मला नको होतं."

"टोकाचे नऊ पापुद्रे बिघडलेत."

"रडत होता. हात थरथरत असणार."

"सर, ते रडत तुमच्याकडे आले ते सगळं घासून झाल्यावर. चूक कळल्यावर. पापुद्रे काढताना कशाला रडतील?" अधिकारी बाईंनी हे साधेपणाने विचारले. "आणि तुम्हीच सांगा, मिस्त्री कुठून घासायला सुरुवात करायचे? टोकापासून ना?"

"नेहमी. पाकिटांवर बघा. एक नंबर टोकाचा, एकसष्ट तोंडाचा."

"म्हणजे बिघडलेले नऊ त्यांनी सगळ्यात आधी केले होते. तेव्हा तर त्यांना चूक झाल्याचं माहीतच नव्हतं."

सरांनी कप दूर सारला. सर म्हणाले की आपल्याला थकवा आला आहे.

५

बुधवारी सकाळी अधिकारी बाई पेटी घेऊन मिस्त्रींच्या मुलीकडे गेल्या. सोबत ताई होती. खोली लहान, शिवणयंत्र खिडकीशी, त्यावर अर्धवट गणवेश. आतून मिस्त्रींच्या नातीच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"घरी कामाबद्दल बोलायचे?" बाईंनी विचारले.

"दुसरं काय बोलायचे? पोरीला गोष्ट सांगायचे तीसुद्धा प्रवाळाची. टोकापासून सुरू करायचे. म्हणायचे, कोणाचीही गोष्ट जन्मापासून सांगावी, म्हातारपणापासून सांगितली की माणूस लबाडी करतो." तिने दोरा दातांनी तोडला. "पंधरा दिवसांपूर्वी चिडले होते. म्हणाले, माझी काच कोणीतरी वापरतंय. सोमवारी गेलो की मधे खळगा वाढलेला असतो. ते सगळी काच फिरवून वापरायचे, आठाचा आकडा काढल्यासारखं. हा जो कोणी आहे तो एका जागी कोपर टेकून घासतो म्हणे."

"सोमवारी? म्हणजे रविवारी कोणीतरी यायचं."

"ते तुम्ही शोधा."

तिने एक पापुद्रा उचलून उजेडासमोर धरला. मग बोटाने दोन्ही बाजू चाचपल्या, कापड बघावे तशा.

"ह्याची सुलट बाजू कुठली?"

"काय?" ताईने विचारले.

"एक बाजू गुळगुळीत आहे, एक खरखरीत. कापडाला असते तशी. सुलट बाजू कुठली?"

"खरखरीत बाजू दगडाला चिकटते. गुळगुळीत बाजू वर. गुळगुळीत बाजूने पाहिलं की घासलेला दगड जसा समोर होता तसा दिस…"

ताई बोलता बोलता थांबली. तिने मुलीच्या हातून पापुद्रा घेतला, गुळगुळीत बाजू वर केली, गोल फिरवला. दुसरा घेतला. तिसरा. ती खालीच बसली आणि पाकिटामागून पाकीट उघडत गेली.

"ताई," अधिकारी बाई म्हणाल्या, "ढकलगाडी आहे मी. सांगा."

"गाजर आहे का घरात?"

गाजर होते. ताईने सुरीच्या टोकाने त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक खाच पाडली आणि खाचेच्या डावीकडे पेनाने एक उभी रेघ ओढली.

"मूळ नमुन्याला अशी खाच होती, सगळ्या शिंगांना असते. आणि खाचेशेजारी दगडात एक पांढरी शीर होती, वरपासून खालपर्यंत. चाळीस वर्षांपूर्वीचा छापील फोटो आहे, तोंडाकडून घेतलेला. खाच आपल्याकडे धरली की शीर डावीकडे. आता बघा." तिने जाड बाजूची चकती उडवली. "तोंडाकडून कापलं. खाच माझ्याकडे. रेघ कुठे?"

"डावीकडे."

तिने गाजर उलटे केले, टोक वर, आणि टोकाची चकती उडवली. खाच पुन्हा स्वतःकडे वळवली. "आता?"

"उजवीकडे," मिस्त्रींची मुलगी म्हणाली. "बाही उलटी केली की होतं तसं."

"मिस्त्री टोकापासून घासायचे. त्यांच्या पापुद्र्यांवर शीर उजवीकडे हवी. या बावन्नच्या बावन्न पापुद्र्यांवर ती डावीकडे आहे." ताईने शेवटचे पाकीट खाली ठेवले. "हा दगड तोंडापासून घासलाय. मग पाकिटांवर उलटे नंबर टाकले, म्हणजे मिस्त्रींचं काम वाटावं. हे मिस्त्रींनी घासलेलं नाही."

मिस्त्रींच्या मुलीने मोजपट्टी गळ्यातून काढली आणि हाताभोवती गुंडाळत राहिली.

"आणि मी?" ताईने विचारले. "माझ्यावरचा संशय?"

"तुम्हाला घासायला कोणी शिकवलं?"

"मिस्त्रींनीच."

"आणि तुम्हाला हवं होतं टोक. टोकच हवं असलेला माणूस तोंडापासून कशाला सुरू करेल? शेवटपर्यंत उत्तर लांबवायला?" अधिकारी बाई उठल्या. "ज्याला उत्तराची भीती आहे, तो तसं करेल."

६

किल्ली घरी सापडले. दार उघडताच त्यांना कळले असावे. ते जिन्यावरच बसले.

"पाच रविवार," ते म्हणाले. "सर म्हणाले, ग्रंथासाठी शांतपणे नमुने बघायचेत. कपाटाची चावी दिली, मागच्या दाराची दिली. पहारेकऱ्याला सांगितलं वहीत लिहू नकोस. नियमात बसत नाही, पण सरांना नाही म्हणायचं म्हणजे…"

"ट्रेची गोष्ट कोणी सांगायला लावली?"

"मंगळवारी सकाळी सरांनीच. म्हणाले, मिस्त्रीनं जीव दिलाय, आता विभागाची अब्रू राखू. मला खरंच वाटलं त्यांनी जीव दिला. देवाशपथ."

"सरांचे हात थरथरतात. ते कसे घासतील?"

"कोपर टेकलं की थरथरत नाहीत," किल्ली म्हणाले. "रविवारी एकदा डबा द्यायला गेलो होतो. टेबलाला छाती लावून, कोपर काचेवर रोवून बसले होते. मला वाटलं जुनी सवय, हौस म्हणून करतायत."

दुपारी ताईने ग्रंथालयातून सरांचा चाळीस वर्षांपूर्वीचा लेख आणला, ज्यात ते कुल पहिल्यांदा मांडले होते. पद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ होती. सोबतचे इतर नमुने लेखकाने स्वतः घासले, तोंडाकडून टोकाकडे, लेखकाच्या गुरूंच्या रीतीप्रमाणे.

७

सर खोलीत एकटे होते. अधिकारी बाईंनी एक पापुद्रा गुळगुळीत बाजू वर करून त्यांच्यासमोर ठेवला. ताई दाराशी उभी राहिली.

"खाच तुमच्याकडे आहे. शीर कुठे दिसते?"

सरांनी चष्मा वर केला. बराच वेळ पाहिले.

"डावीकडे."

"मिस्त्रींनी घासला असता तर?"

त्यांना खोटे बोलता आले असते. दोन दिवस ते बोलत होते. पण दगडाबद्दलच्या प्रश्नाला त्यांनी खोटे उत्तर दिले नाही.

"उजवीकडे," ते म्हणाले. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"का घासलात?"

"ती तीनदा अर्ज घेऊन आली." त्यांनी दाराकडे पाहिले नाही. "तीनदा नाही म्हटलं. मग एका सकाळी दाढी करताना वाटलं, मी नाही का म्हणतोय? दगडासाठी, की आतलं कळेल म्हणून? ते कळल्याशिवाय ग्रंथ छापायला देणं शक्य नव्हतं."

"मग टोकापासून सुरू करायचं. एका दिवसात कळलं असतं."

"माझ्या गुरूंनी तोंडापासून शिकवलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तोंडाकडे खांब आहे हे मला माहीत होतं. चार रविवार तो होता. प्रत्येक पापुद्र्यात होता. तुम्हाला कळणार नाही, काय चार रविवार होते ते."

"पाचव्या रविवारी?"

"शेवटचे नऊ. फार बारीक. माझ्या डोळ्यांना दिसेना. आहे असं वाटायचं, नाही असं वाटायचं. विभागात असं बघणारा डोळा एकच होता." सरांनी पापुद्रा उचलून उलटा ठेवला. "सोमवारी साडेपाचला मी त्याला पेटी दाखवली. त्यानं आधी दगड ओळखला. भिंग लावलं, नऊच्या नऊ पाहिले. दोनदा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सर, हे पोर खांबाशिवाय जन्मलंय. खांब मागाहून आलाय."

दाराशी ताईने चौकटीला हात टेकला.

"मग तुम्ही त्या नऊंवर ॲसिटोन ओतलं."

"त्याच्यासमोर. त्यानं अडवलं नाही, फक्त बघत राहिला. मी म्हटलं, तुझा हात चुकला असं सांगू, तुला कोणी काही करणार नाही, मी आहे. तो म्हणाला, ताईंना सांगून येतो. आणि मागच्या जिन्याकडे निघाला."

"आणि तुम्ही?"

"त्याच्या मागे गेलो."

"आणि?"

सरांनी पेटीचे झाकण बंद केले.

"आता मला वकील हवा," ते म्हणाले.

८

शुक्रवारी दुपारपर्यंत कळलेले एवढे.

सरांनी लेखी कबूल केले आहे की दगड त्यांनी घासला, नऊ पापुद्रे त्यांनी नष्ट केले, पाकिटांवरचे आकडे त्यांनी टाकले आणि मिस्त्रींच्या रडण्याची गोष्ट त्यांनी रचली. जिन्यावरच्या प्रसंगाबद्दल त्यांनी दोनच वाक्ये दिली आहेत: मी हाक मारली. तो वळला.

डॉक्टरांच्या दुसऱ्या तपासणीत मिस्त्रींच्या उजव्या दंडावर चार बोटांचे वळ आढळले. ढकलण्यापूर्वी धरलेल्या हाताचे असू शकतात. पडणाऱ्याला सावरू पाहणाऱ्या हाताचेही असू शकतात. डॉक्टरांनी दोन्ही शक्यता एकाखाली एक लिहिल्या आणि सही केली.

कुलाबद्दल ताईला विचारण्यात आले. दगड नाही, टोकाचे पापुद्रे नाहीत, आणि जे पाहिले गेले ते पाहणारा माणूस नाही. त्याचे वाक्य ज्याने सांगितले तो आरोपी आहे. एवढ्यावर कोणतेही कुल रद्द करता येत नाही, असे तिने सांगितले. ते तूर्त कायम आहे.

मिस्त्रींची मुलगी सकाळी ठाण्यात आली होती. अधिकारी बाईंनी नोंदवही तिच्यासमोर उघडली. हवालदाराचा शब्द लाल शाईने खोडला होता, बाजूला बाईंची सही आणि तारीख.

"म्हणजे माझ्यापायी नाही?"

"ते लिहून देणारं खातं माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे इतकंच आहे. त्यांनी जे पाहिलं ते सांगायला ते निघाले होते. ताई एक मजला खाली बसल्या होत्या. सहा वाजून गेले होते आणि ते खाली चालले होते."

मुलीने ते वाक्य पुन्हा सांगायला लावले. बाईंनी पुन्हा सांगितले.

मग ती समोरच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर मृत्यूचा दाखला घ्यायला गेली. कारकुनाने तो छापून दिला. मृत्यूचे कारण: उंचावरून पडल्याने डोक्यास मार. त्याखाली 'प्रकार' असा रकाना होता, अपघात, आत्महत्या, हत्या यांपैकी एक भरायचा. तो कोरा होता.

"हे कोरं राहिलंय," ती म्हणाली.

"तपास चालू असला की कोरंच ठेवतात."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. काहींचं वर्षानुवर्षं राहतं."

तिने दाखला दोनदा वाचला आणि आणखी एक प्रत मागितली.